घर की गाडी? कॅटरिनानंतरचे फेमा ट्रेलर

२००६च्या सुरुवातीला अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात, होप नावाच्या छोट्या गावाच्या विमानतळावर, दहा हजारांहून अधिक कोरी करकरीत घरं रांगेने उभी होती. आत पलंग, शेगडी, फ्रीज, सगळं बसवलेलं. कारखान्यात तयार होऊन ट्रकमागे ओढत आणलेली ही ‘मोबाइल होम्स’ फेमाने, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, कॅटरिना चक्रीवादळात बेघर झालेल्यांसाठी विकत घेतली होती. ज्यांच्यासाठी घेतली ती माणसं तिथून सहाशेहून अधिक किलोमीटरवर नातेवाइकांकडे, हॉटेलांत, नाहीतर तंबूत दिवस काढत होती. घरं हलत नव्हती याचं मोठं कारण म्हणजे फेमाचाच नियम. पूरक्षेत्रातल्या जमिनीवर मोबाइल होम ठेवायला त्या नियमाची आडकाठी होती, आणि कॅटरिनाने उद्ध्वस्त केलेला बराचसा मुलूख पूरक्षेत्रातच होता.

हा प्रकार सरकारी गलथानपणाचा नमुना म्हणून तेव्हा वर्तमानपत्रांत गाजला. गलथानपणा होताच, पण मला त्या रांगांपेक्षा पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मोबाइल होम पूरक्षेत्रात चालत नाही म्हटल्यावर सगळा भार दुसऱ्या वस्तूवर पडला. ती वस्तू म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, सुट्टीत गाडीमागे जोडून भटकंतीला न्यायचा डबा. कायद्याच्या लेखी मोबाइल होम हे घर आणि ट्रॅव्हल ट्रेलर हे वाहन. वाहन असल्यामुळे ट्रेलर पूरक्षेत्रात उभा करता येत होता, कारण पुढचं वादळ आलं की तो ओढून नेता येतो अशी समजूत. आणि वाहन असल्यामुळेच, घरांच्या बांधणीतल्या लाकडी फळ्यांमधून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूवर जी मर्यादा होती, ती ट्रेलरला लागू नव्हती. ज्या पळवाटेने तो लोकांच्या अंगणात आला, त्याच पळवाटेने त्याच्या आतल्या हवेची जबाबदारी कुणाकडेच राहिली नाही. हे प्रकरण या दोन टोकांना धरून वाचलं तर पुढचा बराच गोंधळ उलगडतो.

वादळ, आणि अठरा महिन्यांचं घड्याळ

कॅटरिना २९ ऑगस्ट २००५ रोजी सकाळी लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळलं. मिसिसिपीच्या किनारपट्टीवर समुद्राने वस्त्याच्या वस्त्या पायापर्यंत धुऊन नेल्या. न्यू ऑर्लिन्समध्ये कालव्यांच्या संरक्षक भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. दहा लाखांहून अधिक माणसं विस्थापित झाली, आणि एकट्या लुइझियानात दोन लाखांवर घरांचं मोठं नुकसान झालं. शहरातल्या सुपरडोम स्टेडियममध्ये आसरा घेतलेल्यांचे हाल जगाने टीव्हीवर पाहिलेत, ते इथे पुन्हा सांगत बसत नाही.

सुरुवातीचे महिने कसेबसे गेले. हजारो लोक बसने टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये नेले गेले. तिथून पुढे देशभरातल्या हॉटेलांच्या खोल्या सरकारी खर्चाने भरल्या. कार्निव्हल कंपनीची तीन प्रवासी जहाजं सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतली गेली. कराराची रक्कम २३.६ कोटी डॉलर होती. पण घरदार बुडालेल्या माणसाला परत पाण्यावर राहायला जायची हौस नव्हती. न्यू ऑर्लिन्समध्ये नांगरलेल्या जहाजांत पुढे मुख्यतः शहराचेच पोलीस, अग्निशमन दलाचे जवान आणि इतर कर्मचारी राहिले, कारण त्यांचीही घरं गेली होती.

हॉटेलनंतर पुढे काय, हे ठरलं १९८८च्या स्टॅफर्ड कायद्याने. मोठ्या आपत्तीनंतर केंद्राने काय करायचं आणि काय नाही, ते या कायद्यात आहे. घराच्या बाबतीत त्याचा रोख साधा होता. केंद्र सरकारने तात्पुरता निवारा द्यावा, कायमचं घर बांधून देणं हे त्याचं काम नाही. तात्पुरतं म्हणजे अठरा महिने. आणि हे महिने मोजायचे आपत्ती जाहीर झाल्याच्या तारखेपासून, किल्ली हातात पडल्यापासून नव्हे. एखाद्या कुटुंबाला ट्रेलर २००६च्या एप्रिलमध्ये मिळाला, तर त्याच्या वाट्याला नियमानुसार फेब्रुवारी २००७ पर्यंतचे दहाच महिने उरत होते. मुदत पुढे वारंवार वाढवली गेली, आधी ऑगस्ट २००७, मग मार्च २००९, मग मे २००९. पण प्रत्येक वाढ शेवटच्या टप्प्यात जाहीर व्हायची. मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, नोकरी इथे शोधायची की टेक्ससमध्ये, याचा निर्णय घेणाऱ्या माणसासाठी अशी वाढीव मुदत फारशी कामाची नसते.

भाड्याची घरं का दिली नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. जिथे माणसं परत येऊ पाहत होती तिथे भाड्याची घरंही बुडाली होती. जी उरली त्यांची भाडी भडकली, कारण बांधकाम कामगार, विमा कंपन्यांचे सर्व्हेअर, सरकारी अधिकारी, सगळ्यांनाच खोल्या हव्या होत्या. ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूज इथे जागा होत्या, पण तिथे गेलेला माणूस आपलं मोडलेलं घर दुरुस्त करायला रोज येऊ शकत नव्हता. म्हणून फेमाने ट्रेलर आणि मोबाइल होम मिळून सुमारे १ लाख ४५ हजार डबे खरेदी केले, जवळपास २७० कोटी डॉलरला. कारखान्यांना अचानक एवढी मोठी मागणी आली की रात्रंदिवस उत्पादन सुरू झालं. घाईघाईत कुठली फळी, कुठला गोंद वापरला जातोय हे बघायला कुणी थांबलं नाही. बघायची सक्ती करणारा नियमही नव्हता.

आठ फूट रुंद, तीसेक फूट लांब

नेहमीचा फेमा ट्रेलर साधारण आठ फूट रुंद आणि तीसेक फूट लांब असायचा. एका टोकाला दुहेरी पलंग, दुसऱ्या टोकाला एकावर एक झोपण्याच्या फळ्या, मध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी स्वयंपाकाची जागा, आणि खाली केलं की बिछाना होईल असं जेवणाचं टेबल. पुढच्या बाजूला प्रोपेन गॅसच्या दोन टाक्या. दाराबाहेर लाकडी पायऱ्या, अपंग माणूस असेल तर उतरती फळी, अर्थात ती मिळाली तर. रोजच्या वापरात भिंतीला, कपाटाला, पलंगाखालच्या खोक्याला, कशालाही हात लावला तरी तो बहुतेक भुश्श्याच्या फळीला किंवा पातळ प्लायवूडलाच लागायचा. सुट्टीतले चार दिवस राहायचं असेल तर तक्रार करायला जागा नाही. इथे पाच-सहा जणांची कुटुंबं दोन-तीन उन्हाळे राहिली.

डबा दारात येणं हा सोहळा एका दिवसाचा नव्हता. आधी जागेची पाहणी. मग ट्रेलर ओढून आणणं, ठोकळ्यांवर चढवणं, वाऱ्यात उलटू नये म्हणून जमिनीला पट्ट्यांनी जखडणं. मग पाणी, मग मैलावाहिनीची जोडणी, मग विजेचा खांब आणि मीटर, मग पालिकेची तपासणी, मग वीज कंपनीचा माणूस. सगळ्यात शेवटी किल्ली. यातली एक कडी अडली की ट्रेलर अंगणात उभा आणि कुटुंब अजून बहिणीच्या घरी, असं चित्र २००६च्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्समध्ये जागोजागी होतं. बेक्टेल, फ्लुओर, शॉ आणि सीएच२एम हिल या चार मोठ्या कंपन्यांना स्पर्धात्मक निविदा न मागवताच हे काम दिलं गेलं. त्यांनी पोटकंत्राटं दिली, त्या पोटकंत्राटदारांनी पुढे आणखी. तक्रार कुणाकडे करायची हे पायऱ्या बसवायला आलेल्या माणसालाही सांगता येत नसे.

किल्लीचा किस्सा तर सांगायलाच हवा. ऑगस्ट २००६ मध्ये फेमाने जाहीर केलं की सुमारे १ लाख १८ हजार ट्रेलरची कुलपं बदलावी लागू शकतात. कुलपं बनवणाऱ्यांकडे किल्लीचे नमुने मोजकेच होते, त्यामुळे एका ट्रेलरची किल्ली दुसऱ्या ट्रेलरलाही लागत होती. पर्यटकांच्या तळावर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. शेकडो सारखे डबे एका मैदानात शेजारी शेजारी लावले तेव्हा आलं.

तरीही एक गोष्ट ट्रेलरच्या बाजूने बोलायलाच हवी. ज्यांच्या स्वतःच्या अंगणात तो आला त्यांना त्याचा खरोखर उपयोग झाला. पाण्यात दोन-तीन आठवडे बुडालेलं घर वाचवायचं तर आधी ते आतून सोलून काढावं लागतं. ओल्या जिप्समच्या भिंती, इन्सुलेशन, फरशी, सगळं उपटून लाकडी सांगाडा उघडा करायचा, बुरशी खरवडायची, वाळू द्यायचं. हे काम शंभर मैलांवरून होत नाही. दारातच राहायला मिळालं की माणूस संध्याकाळी नोकरीवरून येऊन दोन तास हातोडा चालवू शकतो, साहित्यावर नजर ठेवू शकतो, आणि शेजारी परतला की गल्लीत दुसरा दिवा लागतो. मिसिसिपीत आणि न्यू ऑर्लिन्सशेजारच्या सेंट बर्नार्ड परगण्यात पुनर्वसनाची खरी सुरुवात अशा अंगणातल्या डब्यांपासूनच झाली. या प्रकरणात ट्रेलरला सरसकट शिव्या घालणारे हा भाग विसरतात.

ज्याला अंगणच नाही त्याचं काय, इथे गाडी अडते. कॅटरिनाआधी न्यू ऑर्लिन्समधली निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहत होती. घरमालकाला ट्रेलर दारात, भाडेकरूला मात्र फेमाने उभारलेल्या ट्रेलरवस्तीत. अशा वस्त्यांना जागा द्यायला आजूबाजूच्या जवळपास प्रत्येक परगण्यात विरोध झाला. न्यू ऑर्लिन्स शहरातही महापौर रे नेगिन आणि नगरपरिषद यांच्यात जागांवरून जुंपली. विस्थापितांना मदत व्हावी असं सगळ्यांना वाटत होतं, फक्त ती आपल्या मैदानाशेजारी नको होती.

मग वस्त्या झाल्या त्या दूर, कुणाचा डोळा नसलेल्या जमिनीवर. सगळ्यात मोठी बॅटन रूजच्या उत्तरेला बेकर गावाजवळ, जिथे आधी गुरं चरत होती. नाव ठेवलं रेनेसान्स व्हिलेज. जवळपास सहाशे ट्रेलर पांढऱ्या खडीवर रांगेत मांडलेले, भोवती कुंपण, फाटकावर पहारेकरी. झाड नाही, त्यामुळे सावली नाही. न्यू ऑर्लिन्स इथून सव्वाशेहून अधिक किलोमीटर. ज्यांचं आयुष्य चालत जाण्याच्या अंतरावरच्या नोकरीवर, चर्चवर आणि आजीच्या घरावर उभं होतं, अशा माणसांना इथे आणून ठेवलं, आणि त्यांच्यातल्या अनेकांकडे गाडी नव्हती. पहिल्या काळात मुलांना खेळायला जागासुद्धा नव्हती. पुढे रोझी ओ’डॉनेल या अभिनेत्रीच्या संस्थेने बालकेंद्र उभारून दिलं. ऑक्टोबर २००५ मध्ये उघडलेली ही वस्ती २००८च्या उन्हाळ्याच्या तोंडावर बंद झाली. मुंबईत संक्रमण शिबिरात आयुष्य गेलेल्यांना यातलं काही नवं वाटणार नाही.

मात्र कुठे राहावं लागलं हे केवळ नशिबावर ठरलं नव्हतं. धोरणाची रचनाच अशी होती की ज्याच्याकडे आधी जमीन होती त्याला मदत घराच्या जवळ मिळाली, आणि ज्याच्याकडे नव्हती त्याला घरापासून लांब.

हवा

ट्रेलरमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरतात, नाकातून रक्त येतं, मुलांचा खोकला हटत नाही, अशा तक्रारी २००६च्या वसंतातच येऊ लागल्या होत्या. कारण गूढ नव्हतं. भुश्श्याची फळी आणि स्वस्त प्लायवूड जोडायला यूरिया-फॉर्माल्डिहाइड गोंद वापरतात. त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त सुटतो, जागा छोटी आणि बंद असेल तर साठतो. मेक्सिकोच्या आखाताचा किनारा म्हणजे उष्णता आणि दमटपणा यांचं माहेरघर. नवा कोरा डबा, चहूकडे फळ्या, आणि उकाड्यामुळे खिडक्या बंद करून लावलेला एसी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं होतं. मोबाइल होमसाठी तर अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने १९८० च्या दशकापासून फळ्यांतून सुटणाऱ्या वायूवर मर्यादा घातली होती. म्हणजे धोका ठाऊक होता, मर्यादा अस्तित्वात होती, फक्त ती चाकांवरच्या ‘वाहनापर्यंत’ पोचत नव्हती.

सिएरा क्लब या पर्यावरण संघटनेने २००६ मध्ये काही ट्रेलरमधली हवा तपासली आणि बहुतेकांत प्रमाण चिंताजनक आढळलं. त्याच जूनमध्ये लुइझियानातल्या स्लायडेल गावी एक माणूस आपल्या ट्रेलरमध्ये मृत आढळला. त्याने वासाची तक्रार केली होती असं फेमाच्या अंतर्गत पत्रव्यवहारातच नोंदलेलं होतं. आता तरी राहत्या ट्रेलरमध्ये चाचण्या व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत. का, ते कळलं वर्षभराने. १९ जुलै २००७ रोजी हेन्री वॅक्समन यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीसमोर फेमाचे ईमेल उघड झाले. संस्थेच्या एका वकिलाने २००६च्या जूनमध्ये लिहिलेला सल्ला थोडक्यात असा होता की आमची परवानगी येईपर्यंत चाचणी करू नका, कारण निकालात दोष दिसला की त्यावर काहीतरी करण्याची जबाबदारी आपल्यावर येईल आणि तेव्हापासून वेळ मोजला जाईल.

मी अनेक सरकारी चौकशांचे अहवाल वाचले आहेत, पण इतक्या स्वच्छ शब्दांत अज्ञान जपण्याचा सल्ला क्वचित आढळतो. यात त्या वकिलाला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. त्याने आपलं काम केलं, संस्थेला दाव्यांपासून वाचवलं. प्रश्न असा की घरातल्या हवेचा निर्णय वकिलाच्या टेबलावर गेलाच कसा? त्याचं उत्तर परत त्या वर्गीकरणात आहे. लागू मानक असतं तर मोजणी हे रोजचं तांत्रिक काम झालं असतं. मानक नव्हतं, म्हणून मोजणं हाच कायदेशीर धोका ठरला.

या काळात एक चाचणी झाली होती, पण रिकाम्या ट्रेलरची. ९६ डबे घेऊन खिडक्या उघड्या ठेवल्यावर, एसी लावल्यावर प्रमाण किती कमी होतं ते पाहिलं. विषारी पदार्थांवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, एटीएसडीआरने, या आकड्यांवरून फेब्रुवारी २००७ मध्ये अहवाल दिला. त्यात तुलनेसाठी धरलेली पातळी बरीच वरची होती, आणि दीर्घकाळ तिथेच राहणाऱ्या माणसांच्या तब्येतीचा विचार त्यात नव्हता. फेमाने त्याचा आधार घेऊन लोकांना सांगितलं, खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा. जुलैतल्या दुपारी, लुइझियानात, पत्र्याच्या डब्यात. शिवाय एसी लावा असाही सल्ला होता. खिडक्या उघड्या ठेवून एसी कसा लावायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पुढे संसदेच्या विज्ञान समितीने या अहवालावरून एटीएसडीआरला चांगलंच फैलावर घेतलं.

राहत्या डब्यांची खरी मोजणी केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, २१ डिसेंबर २००७ ते २३ जानेवारी २००८ या काळात केली. ५१९ ट्रेलर आणि मोबाइल होम. सरासरी निघाली दर अब्ज भागांत ७७, सगळ्यात जास्त ५९०. साध्या घरात हे प्रमाण त्याच्या काही पट कमी असतं. आणि ही मोजणी हिवाळ्यातली आहे, डबे दोन वर्षं जुने झाल्यावरची. २००६च्या उन्हाळ्यात, नव्या कोऱ्या डब्यात काय असेल, ते आता मोजता येणार नव्हतं. १४ फेब्रुवारी २००८ रोजी निकाल जाहीर करताना सीडीसीने सांगितलं की उन्हाळा सुरू व्हायच्या आत लोकांना बाहेर काढा. तेव्हाही सुमारे ३८ हजार कुटुंबं त्यांत राहत होती.

एक तारीख इथे शेजारी ठेवतो. सीडीसीची मोजणी सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी, २० डिसेंबर २००७ रोजी, न्यू ऑर्लिन्सच्या नगरपरिषदेने चार मोठ्या सार्वजनिक गृहवसाहती पाडायला एकमताने मंजुरी दिली. सुमारे साडेचार हजार घरं. बाहेर निदर्शकांवर पोलिसांनी मिरपूड फवारली. त्या विटांच्या इमारतींपैकी काहींना पुराचा फटका तुलनेने कमी बसला होता. त्या जुन्या वसाहतींत गरिबी एकवटली होती, त्या बदलायला हव्या होत्या, हा मुद्दा खोटा नाही. पण ट्रेलरमधल्या भाडेकरूंना जायला घर नाही म्हणून मुदती वाढवायच्या आणि त्याच वेळी स्वस्त भाड्याची घरं पाडायला घ्यायची, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

पैसा कुठे गेला

खर्च कमी केला म्हणून हाल झाले, असं इथे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी नोव्हेंबर २००७ च्या अहवालात मिसिसिपीतल्या डब्यांचा पूर्ण खर्च काढला: खरेदी, वाहतूक, जोडणी, देखभाल, शेवटी उचलून नेणं. खासगी अंगणातला ट्रेलर सुमारे ३० हजार डॉलरला पडत होता. पोर्ट ऑफ बिएनव्हिल पार्क या एका वस्तीत मात्र तोच आकडा दर डब्यामागे सुमारे २ लाख २९ हजार डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. लेखापरीक्षकांनीच तुलना दिली आहे: तेवढ्यात मिसिसिपीच्या राजधानीत, जॅक्सनमध्ये, पाच शयनगृहांचं दोन हजार चौरस फुटांचं घर आलं असतं. पण घर द्यायला कायद्याची परवानगी नव्हती, डबा द्यायला होती.

दुसरे रस्ते तपासलेच गेले नाहीत असं नाही. ह्यूस्टनने महापौर बिल व्हाइट यांच्या पुढाकाराने काही आठवड्यांत भाडेकरार करून तीस हजारांहून अधिक कुटुंबं रिकाम्या अपार्टमेंटमध्ये हलवली. त्या घरांना शाळा होत्या, बसथांबे होते. तिथे अडचण आली ती फेमाने भाडेमदतीचे नियम मध्येच बदलले तेव्हा. कुणाची मदत का थांबली हे सांगणारी पत्रं इतकी अगम्य होती की नोव्हेंबर २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्रीय न्यायालयात न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी त्या कारभाराला ‘काफ्काएस्क’, म्हणजे लेखक काफ्काच्या कथांतल्यासारखा अनाकलनीय, म्हटलं आणि मदत परत सुरू करायचा आदेश दिला. २००७ मध्ये भाडेमदतीचं काम गृहनिर्माण खात्याकडे सोपवलं गेलं. ते दोन वर्षांआधी व्हायला हवं होतं. वादळात माणसं वाचवणाऱ्या खात्याला भाडेकरार सांभाळता यावेत ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

मिसिसिपीत वेगळा प्रयोग झाला. ऑक्टोबर २००५ मध्ये बिलॉक्सीला वास्तुरचनाकारांची मोठी बैठक भरली, आंद्रेस दुआनी तिचे सूत्रधार. तिथल्या विचारातून मेरिअ‍ॅन कुसाटो यांचं ‘कॅटरिना कॉटेज’ पुढे आलं: ३०८ चौरस फुटांचं, पुढे पडवी असलेलं पिवळं घर, जानेवारी २००६ मध्ये ऑर्लँडोच्या बांधकाम प्रदर्शनात मांडलेलं. क्षेत्रफळ ट्रेलरहून थोडंच जास्त, पण ते घरच होतं, पुढे खोली वाढवता येईल असं. संसदेने प्रायोगिक योजनेसाठी ४० कोटी डॉलर मंजूर केले. त्यातला मोठा वाटा मिसिसिपीला मिळाला आणि तीन हजारांच्या आतबाहेर कॉटेज किनाऱ्यावर उभी राहिली. मग किनाऱ्यावरच्या काही गावांनी त्यांना कायम ठेवायला हरकत घेतली. छोटी घरं आली की आजूबाजूच्या मालमत्तेचे भाव पडतात, ही भीती. ट्रेलरला त्यांनी परवानगी दिली होती कारण तो जाणार होता. कॉटेज जाणार नव्हतं, हीच त्याची अडचण झाली.

डब्यांचं पुढे काय झालं

मे २००९ची मुदत आली तेव्हाही काही हजार कुटुंबं डब्यांतच होती. ओबामा सरकारने जबरदस्तीने बाहेर काढणं टाळलं आणि मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांना ते घर पाच डॉलर किंवा त्याहूनही कमी किमतीत विकत घेण्याची मुभा दिली. न्यू ऑर्लिन्समधून शेवटचा फेमा ट्रेलर हलला फेब्रुवारी २०१२ मध्ये. अठरा महिन्यांचा निवारा साडेसहा वर्षं चालला. त्याच वर्षी ट्रेलर बनवणाऱ्या कंपन्या आणि फेमाचे कंत्राटदार यांनी रहिवाशांच्या सामूहिक दाव्यात ४.२६ कोटी डॉलरची तडजोड केली. दावेदार हजारो होते, त्यामुळे एकेकाच्या हाती फारसं काही आलं नाही.

उरलेले लाखभर डबे केंद्र सरकारने लिलावात विकले. दारावर ‘राहण्यासाठी नाही’ अशी सूचना चिकटवली होती. २०१० मध्ये समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या तरंगत्या मंचावर स्फोट झाला आणि त्याच किनाऱ्यावर तेल साफ करायला हजारो मजूर आले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींच्या मुक्कामाला हेच डबे आले. वाहन म्हणून विकलं होतं, घर म्हणून वापरलं गेलं. यात नवल काय? लोकांनी आधीही तेच केलं होतं, सरकारी शिक्क्यानिशी.

जुलै २०१० मध्ये लाकडी फळ्यांतल्या फॉर्माल्डिहाइडवर मर्यादा घालणारा केंद्रीय कायदा झाला. त्याने घर की गाडी हा घोळ बाजूला ठेवला आणि मर्यादा थेट फळीवर घातली, मग ती कपाटात जावो, घराच्या भिंतीत किंवा ट्रेलरच्या पलंगाखाली. पळवाटेचं एक टोक असं बंद झालं.

दुसरं टोक तसंच आहे. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, कॅटरिनाच्याच तारखेला, आयडा चक्रीवादळ लुइझियानावर आदळलं. फेमाची कारखान्यात बनलेली घरं पोचायला नेहमीप्रमाणे वेळ लागत होता: जागा, पूरक्षेत्राचे नियम, जोडण्या. वाट पाहून कंटाळलेल्या राज्य सरकारने त्या शरद ऋतूत स्वतःची योजना सुरू केली आणि हजारो कुटुंबांच्या अंगणात निवारा नेऊन उभा केला. खर्चाचा भार पुढे फेमानेच उचलला. राज्याने निवडलेली वस्तू होती ट्रॅव्हल ट्रेलर.